कॅमेरा बिघडला, की सेटिंग बिघडली?
छायाचित्रकार, स्टुडिओचालक आणि जुन्या मालाचे व्यापारी यांच्यासाठी एक उपयुक्त धडा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कॅमेऱ्यावर पोट असणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. निकाह आणि वलीम्याचे फोटो काढणारे, पासपोर्ट फोटोचे छोटे दुकान चालविणारे, कपड्यांचे किंवा फर्निचरचे फोटो काढून व्यापाऱ्यांना पुरविणारे आणि जुने कॅमेरे घेऊन विकणारे असे सगळे यात येतात. मोबाइलच्या जमान्यात या धंद्याचे स्वरूप बदलले, पण लग्नाच्या ऑर्डरीला आणि स्टुडिओच्या कामाला आजही कॅमेरा लागतोच. मात्र पुष्कळ जणांनी हे हत्यार उस्तादाच्या हाताखाली राहून, पाहून पाहून शिकलेले असते. रोजची चार बटणे पक्की माहीत असतात. बाकीचा मेन्यू उघडण्याचा प्रसंगच येत नाही.

मग एखाद्या दिवशी फोटो एकदम काळे येऊ लागतात, बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी शटर पडते किंवा सगळे फोटो निळे दिसू लागतात. अशा वेळी कॅमेरा बिघडला असे समजून कारागीर तो पिशवीत घालतो, लोकल पकडतो आणि फोर्टातल्या बोरा बाजारात नेतो. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जायला दीड तासाच्या आसपास लागतो आणि यायला तितकाच. दिवसाची मजुरी बुडते आणि दुरुस्तीचे पैसे वेगळेच. पुष्कळ वेळा आत काहीच तुटलेले नसते. कोणाचा तरी हात लागून एखादी सेटिंग बदललेली असते एवढेच. कॅमेरा कारखान्यातून निघाला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर परत आणला की काम होते आणि हे काम ज्याचे त्याला घरी करता येते.

परंतु हेच काम न समजता केले तर नुकसानही तेवढेच होते. म्हणून मूळ सेटिंगवर आणणे म्हणजे काय, त्याने काय पुसले जाते, काय पुसले जात नाही आणि त्यानंतर कोणती तपासणी करावी, हे क्रमाने पाहू.

मूळ सेटिंग म्हणजे काय?

शिलाई मशीनचे उदाहरण घेऊ. जीन्स शिवणारा कारागीर जाड कापडासाठी दोऱ्याचा ताण वाढवितो आणि टाका मोठा करतो. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर कोणी मलमल शिवायला बसला तर कापड गोळा होते. मशीन बिघडलेले नसते. फक्त कालच्या कामाचा ताण आजच्या कामाला चालत नाही. आता कल्पना करा की एक बटण दाबताच मशीनचे सगळे स्क्रू आणि चाके कंपनीने ठरवून दिलेल्या जागी परत जातात. कॅमेऱ्यात अशी सोय असते. तिलाच रीसेट म्हणतात.

या उदाहरणातूनच रीसेटची मर्यादाही समजते. कंपनीने ठरविलेली जागा ही सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी असते. ती आपल्या धंद्यासाठी ठरविलेली नसते. जीन्सवाल्याला रीसेट झालेल्या मशीनचा ताण पुन्हा वाढवावाच लागेल. तसेच, मशीनचा सुईदांडा वाकला असेल तर स्क्रू कितीही जागेवर आणले तरी टाका नीट पडणार नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीतही हेच दोन नियम लागू आहेत. रीसेटनंतर कॅमेरा आपल्या कामासाठी पुन्हा बसवावा लागतो आणि खरा बिघाड रीसेटने जात नाही.

कोणत्या तक्रारी सेटिंगच्या असतात?

फोटो सतत काळे किंवा सतत पांढरट येत असतील तर बहुधा अधिक-उणेची सेटिंग, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, एका बाजूला सरकलेली असते. सगळे फोटो निळे किंवा पिवळे येत असतील तर व्हाइट बॅलन्स बल्ब, ट्यूबलाइट किंवा उन्हाच्या खुणेवर अडकलेला असतो. बटण दाबल्यावर उशिरा शटर पडत असेल तर सेल्फ टायमर चालू राहिलेला असतो. फोटो अचानक कृष्णधवल येऊ लागले तर पिक्चर स्टाइल बदललेली असते. मोठी प्रिंट काढताना फोटो फुटू लागला तर फोटोचा आकार ‘स्मॉल’ वर गेलेला असू शकतो. दिवसाउजेडीही फोटोत दाणे दिसत असतील तर आयएसओ फार वर राहिलेला असतो. या सगळ्या तक्रारी सर्वसाधारणपणे रीसेटने जातात.

काही तक्रारी मात्र दिसतात सेटिंगच्या, पण त्यांचा मेन्यूशी संबंध नसतो. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना सगळे अंधुक दिसते, पण फोटो स्वच्छ येतो, असे असेल तर व्ह्यूफाइंडरजवळचे छोटे नंबराचे चाक फिरलेले असते. ते हातानेच फिरवावे लागते. फोकस होत नसेल तर आधी लेन्सवरची ‘एएफ-एमएफ’ खटकी पाहावी. फोटो सेव्ह होत नसतील तर कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी पाहावी. वरचे मोडचे चाकही हातानेच फिरते आणि ज्या कॅमेऱ्यांवर अधिक-उण्याचे वेगळे चाक असते तेही तसेच. हाताने फिरणारी वस्तू रीसेटने जागेवर येत नाही, हे सूत्र लक्षात ठेवावे.

म्हणून रीसेटकडे वळण्यापूर्वी दोन मिनिटांची ही तपासणी करावी. कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, थोड्या वेळाने पुन्हा बसवा आणि लेन्स काढून परत नीट बसवा. कधी कधी एवढ्यानेच काम होते आणि आपल्या सेटिंगला धक्काही लागत नाही.

आधी नोंद, मग रीसेट

मुरलेला स्टुडिओवाला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कॅमेऱ्यात बारीकसारीक बदल करून ठेवतो. कोणत्या बटणाला कोणते काम दिले, फोकसचा ठिपका कुठे ठेवला, फ्लॅशबरोबर कोणता शटर स्पीड ठेवला, हे सगळे त्याच्या बोटांत बसलेले असते. रीसेट केल्यावर ते एका क्षणात जाते आणि नंतर आठवत नाही. म्हणून आधी मेन्यूचे एकेक पान उघडावे आणि मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे. वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवल्या तरी चालेल : फोटोचा प्रकार आणि आकार, व्हाइट बॅलन्स, आयएसओची वरची मर्यादा, फोकसचा प्रकार, बटणांना दिलेली कामे, व्हिडिओचा आकार व वेग आणि फाइल क्रमांकाची पद्धत.

निकॉनच्या पुष्कळ मॉडेल्समध्ये आणि सोनीच्या अलीकडच्या काही मॉडेल्समध्ये सेटिंग कार्डावर साठवून ठेवण्याची सोय आहे. निकॉनमध्ये ती सेटअप मेन्यूत ‘सेव्ह/लोड सेटिंग्ज’ या नावाने मिळते. ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी. मात्र कार्ड फॉरमॅट केले की साठविलेली सेटिंगही जाते. म्हणून ती फाइल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावी आणि तिचे नाव बदलू नये, नाहीतर कॅमेरा ती ओळखत नाही.

त्याचबरोबर कार्डातले काम आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावे. रीसेटने फोटो पुसले जात नाहीत हे खरे, पण घाईत ‘रीसेट’ ऐवजी ‘फॉरमॅट’वर बोट पडू शकते. दोन्ही गोष्टी बहुधा सेटअप मेन्यूतच असतात. सर्वांत उत्तम म्हणजे रीसेट करताना कार्ड बाहेर काढून ठेवावे. बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि काम चालू असताना ती काढू नये.

कंपनीनुसार पद्धत

कॅनन. पुष्कळ जण इथेच अडतात, कारण त्यांना मेन्यूत रीसेटचे नावच सापडत नाही. कॅननच्या डीएसएलआरमध्ये वरचे चाक हिरव्या ऑटोवर किंवा चेहरा, डोंगर अशा चित्रांवर असेल तर मेन्यूतील पुष्कळ पाने लपलेली राहतात. आधी चाक पी, टीव्ही, एव्ही किंवा एम वर आणावे. मग मेन्यू उघडून पान्याच्या चित्राच्या पानांत ‘क्लिअर सेटिंग्ज’ किंवा ‘क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज’ शोधावे आणि ‘ओके’ द्यावे. कस्टम फंक्शन यांतून वेगळे राहतात. त्यांच्यासाठी ‘क्लिअर ऑल कस्टम फंक्शन’ हा निराळा पर्याय आहे. अलीकडच्या मिररलेस मॉडेल्समध्ये ‘रीसेट कॅमेरा’ असे नाव दिसते आणि त्यात ‘बेसिक सेटिंग्ज’ आणि ‘अदर सेटिंग्ज’ असे दोन भाग असतात. पहिल्या भागाने रोजची सेटिंग जागेवर येते. दुसऱ्या भागात बाकीच्या गोष्टी एकेक निवडून पुसता येतात.

निकॉन. निकॉनच्या पुष्कळ डीएसएलआरवर दोन बटणांशेजारी हिरवे ठिपके असतात. ती दोन्ही बटणे एकत्र दोन सेकंदांहून जास्त दाबून धरली की रोजच्या कामाची मुख्य सेटिंग मूळ जागी येते. घाईच्या वेळी ही फार उपयोगी सोय आहे, पण हे अर्धेच रीसेट आहे. फोटो काढण्याच्या मेन्यूचे आणि कस्टम मेन्यूचे रीसेट त्या त्या मेन्यूत वेगळे असते. मोठ्या मॉडेल्समध्ये आणि झेड मालिकेत सेटअप मेन्यूच्या शेवटाकडे ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ असते. झेड मालिकेत त्याने भाषा, तारीख आणि वेळ सोडून सगळे मूळ स्थितीत येते. आपण भरलेले कॉपीराइटचे नावही जाते.

सोनी. अल्फा मालिकेत सेटअप मेन्यूमध्ये ‘सेटिंग रीसेट’ असते. त्यात दोन पर्याय येतात. ‘कॅमेरा सेटिंग्ज रीसेट’ने फोटो काढण्याची मुख्य सेटिंग जागेवर येते, तर ‘इनिशियलाइज’ने सगळेच मूळ स्थितीत जाते. रोजच्या तक्रारीसाठी पहिला पर्याय पुरेसा आहे. कॅमेरा विकायचा असेल तेव्हा दुसरा वापरावा.

फुजीफिल्म. सेटअपमध्ये ‘यूजर सेटिंग’ आणि त्यात ‘रीसेट’ असते. इथेही फोटो काढण्याच्या मेन्यूचे आणि सेटअपचे रीसेट निरनिराळे आहे.

छोटे खिशातले कॅमेरे. गेल्या काही वर्षांत तरुण मुलामुलींत जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची आवड पुन्हा आली आहे, त्यामुळे जुना माल विकणाऱ्यांकडे त्यांना मागणी असते. कॅननच्या पॉवरशॉटमध्ये आणि निकॉनच्या कूलपिक्समध्ये ‘रीसेट ऑल’ असे नाव मिळते. सोनीच्या सायबरशॉटमध्ये मॉडेलप्रमाणे ‘इनिशियलाइज’ किंवा ‘सेटिंग रीसेट’ असते. या जुन्या कॅमेऱ्यांत ‘कार्ड एरर’ आला तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नये. फार जुने कॅमेरे 2 जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे वाचतात. 4 ते 32 जीबीची कार्डे एसडीएचसी आणि त्यावरची एसडीएक्ससी प्रकारची असतात. ती अशा कॅमेऱ्याला वाचताच येत नाहीत. रीसेट शंभरदा केले तरी त्यात फरक पडणार नाही.

रीसेटने काय पुसले जात नाही?

धंद्याच्या दृष्टीने या धड्यातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘सगळे रीसेट केले’ असे म्हणताना माणसाला वाटते की कॅमेरा कोरा झाला. तो कोरा होत नाही.

पहिली गोष्ट, कार्डातले फोटो जसेच्या तसे राहतात. दुसरी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये मालकाचे किंवा स्टुडिओचे कॉपीराइटचे नाव रीसेटनंतरही कायम राहते. ते कॉपीराइटच्या पानावर जाऊन वेगळे पुसावे लागते. तसे न करता कॅमेरा विकला, तर नवा मालक काढील त्या प्रत्येक फोटोच्या आत आपल्या स्टुडिओचे नाव उमटत राहील. त्या फोटोंवरून उद्या काही वाद झाला तर विचारणा आपल्याकडे होईल. तिसरी, पुष्कळ मॉडेल्समध्ये वायफाय आणि ब्लूटूथची जोडणी वेगळी पुसावी लागते. ती राहिली तर कॅमेऱ्यात आपल्या फोनचे किंवा नेटवर्कचे नाव राहते. चौथी, कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो शटरचा आकडा रीसेटने शून्य होत नाही. पाचवी, आतले फर्मवेअर आहे त्याच आवृत्तीचे राहते. रीसेट आणि फर्मवेअर अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाषेचेही असेच आहे. जपानच्या बाजारासाठी बनविलेले सोनीचे बहुतेक कॅमेरे फक्त जपानी मेन्यूचे असतात. स्वस्तात मिळाला म्हणून असा कॅमेरा घेतला आणि रीसेटने इंग्रजी मेन्यू येईल अशी आशा धरली तर निराशाच पदरी येते. घेण्यापूर्वी भाषांची यादी उघडून पाहावी.

रीसेटनंतरची तपासणी

रीसेट झाल्याबरोबर ऑर्डरीवर निघू नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

1. फोटोचा प्रकार. मूळ सेटिंग बहुधा जेपेग असते. जे रॉमध्ये काम करतात त्यांनी ते पुन्हा चालू करावे, नाहीतर लग्नाचे सगळे काम जेपेगमध्ये होऊन बसेल आणि नंतर उजेड सुधारण्याची जागा कमी राहील.

2. कार्डाविना शटर. कॅननच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मूळ सेटिंग अशी असते की कार्ड नसले तरी शटर पडते. बटणाचा आवाज येतो, पडद्यावर क्षणभर चित्रही दिसते, पण फोटो कुठेच साठत नाही. ‘रिलीज शटर विदाउट कार्ड’ हा पर्याय लगेच बंद करावा. निकाह पुन्हा होत नसतो.

3. तारीख आणि वेळ. दोन कॅमेऱ्यांनी काम करणाऱ्यांनी दोन्हींची वेळ मिनिटाला जुळवून घ्यावी, म्हणजे अल्बम लावताना फोटो आपोआप क्रमाने येतात.

4. व्हाइट बॅलन्स. रीसेटनंतर तो ऑटोवर येतो. पासपोर्ट फोटो काढणाऱ्यांनी आपल्या दिव्यांप्रमाणे पुन्हा बसवावा, नाहीतर पांढरा पडदा पिवळट दिसेल.

5. शटर स्पीड. स्टुडिओच्या फ्लॅशबरोबर काम करताना तो कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या आत ठेवावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही मर्यादा सेकंदाच्या 1/200 भागाच्या आसपास असते. तिच्यावर गेले की फोटोत काळी पट्टी येते.

6. व्हिडिओ. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. हॉलमधल्या दिव्यांत व्हिडिओ लुकलुकत असेल तर पाल पद्धत आणि शटर 1/50 किंवा 1/100 आहे का ते पाहावे.

7. फाइल क्रमांक. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरू होतो. मोजणी नव्याने सुरू झाली असेल तर कॉम्प्युटरवर जुन्या फोल्डरमध्ये नवे फोटो टाकू नयेत. एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर बसून जुने काम नाहीसे होते. प्रत्येक ऑर्डरीसाठी तारखेचे नवे फोल्डर करावे.

यानंतर घरात, उन्हात आणि फ्लॅश लावून पाच-दहा फोटो काढावेत आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न पाहता कॉम्प्युटरवर मोठे करून पाहावेत. मगच कॅमेरा पिशवीत घालावा.

कॅमेरा विकताना आणि घेताना

ज्या घरात आपण लग्नाचे फोटो काढतो त्या घराने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. जनानखान्यातले, मेंदीच्या रात्रीचे, लहान मुलांचे असे फोटो त्या कार्डात असतात. पैसे चुकते झाले आणि अल्बम पोचला म्हणून ती अमानत संपत नाही. त्यामुळे कॅमेरा विकताना कार्ड त्याबरोबर कधीही देऊ नये. फोटो डिलीट केले किंवा कार्ड साधे फॉरमॅट केले, तरी पुष्कळ वेळा बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येतात. नवे कार्ड काही शे रुपयांना मिळते. त्यासाठी आयुष्यभराचे नाव पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. काही छोट्या कॅमेऱ्यांत कार्डाशिवाय आतलीही थोडी मेमरी असते. कार्ड काढून कॅमेरा चालू करावा आणि आत फोटो दिसले तर तेही पुसावेत. भाड्याने आणलेला कॅमेरा परत करतानाही हीच काळजी घ्यावी.

विक्रीपूर्वीचा क्रम असा ठेवावा : काम उतरवून घेणे, कार्ड काढणे, कॉपीराइटचे नाव पुसणे, वायफाय-ब्लूटूथची जोडणी पुसणे, कस्टम फंक्शन पुसणे आणि शेवटी पूर्ण रीसेट. आपल्या फोनमधल्या कंपनीच्या ॲपमधूनही तो कॅमेरा काढून टाकावा.

घेणाऱ्याने रीसेट झालेला चकचकीत मेन्यू पाहून भुलू नये. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहावा. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत तोच नंबर फोटोच्या आतल्या माहितीतही उमटतो, म्हणून एक फोटो काढून कॉम्प्युटरवर तपासावा. दोन नंबर जुळले नाहीत तर खुलासा मागावा. मूळ बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सही आणि तारीख घेऊन पावती करावी. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहिता 2023 च्या कलम 317 प्रमाणे गुन्हा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे. स्वस्त मालाच्या मोहापेक्षा कागद पक्का असणे केव्हाही बरे.

जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि जुन्या मालाचाच धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावी. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसेल आणि माल तसाच किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला असेल, तर नियम 32(5) प्रमाणे खरेदी आणि विक्रीच्या किमतीतील फरकावर कर बसतो. पूर्ण किमतीवर बसत नाही. त्यासाठी खरेदीची नोंद मात्र चोख ठेवावी लागते.

जे रीसेटने बरे होत नाही

आपला भाग उल्हास नदीच्या काठचा आणि भरपूर पावसाचा आहे. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हे अनेकांना आठवत असेल. तेवढा पूर दरवर्षी येत नाही, पण हवेतला दमटपणा दरवर्षी असतो आणि कॅमेऱ्याचे खरे नुकसान तोच करतो. लेन्सच्या काचेवर जाळ्यासारखी बुरशी दिसली, बटणे अडकू लागली किंवा धातूच्या टोकांवर हिरवट थर आला, तर ते रीसेटचे काम नाही. पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा. पाण्यात भिजलेला कॅमेरा चालू करून पाहू नये. बॅटरी आणि कार्ड लगेच काढावे आणि तसाच कारागिराकडे न्यावा.

पडद्यावर येणारे आकडेही काही सांगत असतात. कॅननवर ‘एरर 01’ आला तर लेन्स आणि बॉडी यांच्यामधला संपर्क नीट नाही. धातूचे बिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावेत. ‘एरर 02’ कार्डाचा असतो. कार्ड बदलून पाहावे. बाजारात नकली कार्डे आणि नकली बॅटऱ्याही मिळतात. पुष्कळसे गूढ बिघाड तिथूनच सुरू होतात. ‘एरर 20’ किंवा ‘एरर 99’ वारंवार येत असेल तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे जावे.

दर वेळी कॅमेरा तारीख विचारत असेल तर घड्याळासाठी असलेली आतली छोटी बॅटरी उतरलेली असते. काही जुन्या कॅमेऱ्यांत ती बदलता येते. नव्यांत ती मुख्य बॅटरीवरून चार्ज होते, म्हणून भरलेली बॅटरी दोन-तीन दिवस आत ठेवून पाहावी.

कारागिराने दाम कशाचे घ्यावे?

ज्यांना ही माहिती पक्की झाली त्यांना छोटा जोडधंदाही करता येईल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कॅमेऱ्याची तपासणी, बाहेरची सफाई, रीसेट आणि विक्रीपूर्वीची पूर्ण पुसणी ही सेवा ठेवता येते. तिला लागणारे भांडवल अगदी कमी आहे. मात्र दोन मिनिटांच्या रीसेटला ‘आतला पार्ट बदलला’ म्हणून पैसे लावू नयेत. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की कॅमेरा बिघडला नव्हता, सेटिंग बदलली होती आणि तपासणीची मजुरी इतकी झाली. असे सांगणाऱ्या दुकानात माणूस पुढच्या वेळी खरा बिघाड घेऊन येतो आणि बरोबर चार गिऱ्हाइकेही आणतो.

स्टुडिओचालकांनी आपल्या हाताखालच्या मुलांना हा धडा जरूर शिकवावा. एखाद्या रिकाम्या दुपारी कॅमेरा त्यांच्या हाती द्यावा, मेन्यूची नोंद करायला सांगावी, रीसेट करायला लावावे आणि नोंदीवरून सगळे परत बसवून घ्यावे. दोनदा हे केले की मुलाच्या मनातली भीती जाते. मग भर वलीम्यात फोटो काळे येऊ लागले तरी तो घाबरणार नाही. आधी चाके पाहील, मग मेन्यू पाहील आणि कामाला लागेल.